पणजीकडून आलेला वारसा: राणी व्हिक्टोरिया ते राजपुत्र अलेक्सेई

१/ १५ मार्च १९१७. प्स्कोव्ह येथे उभ्या असलेल्या रेल्वेगाडीत झार दुसरा निकोलस याने सिंहासन सोडले. प्रथम वारस ठरला तो बारा वर्षांचा पुत्र अलेक्सेई. मात्र वैद्यांचे मत ऐकल्यावर झारने त्याच दिवशी पुत्राऐवजी भाऊ मिखाईल याचे नाव घातले. कारण अलेक्सेईच्या रक्तात होते.

२/ त्याला हिमोफिलिया होता. या व्याधीत रक्त गोठविणारे एक प्रथिन पुरेसे तयार होत नाही. मुका मार लागला तरी आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. हा वारसा त्याच्या पणजीचा, म्हणजे ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचा.

३/ व्हिक्टोरियाच्या वडिलांना ही व्याधी नव्हती. त्यामुळे जनुकातील हा बदल तिच्या जन्माच्या सुमारास नव्याने घडला असावा, असे मानले जाते. तिचा धाकटा पुत्र लिओपोल्ड १८८४ मध्ये कान येथे पडला आणि तिसाव्या वर्षी दगावला.

४/ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स असतात. एक सदोष असला तरी दुसरा बहुधा काम भागवतो. ती वाहक ठरते. पुरुषाकडे एकच एक्स, आणि तो आईकडून आलेला. वाहक आईच्या प्रत्येक पुत्राबाबत जणू नाणेफेक होते: छापा की काटा.

५/ बाधित पित्याचे गणित वेगळे. तो पुत्राला वाय देतो, म्हणून पुत्र सुटतो. कन्येला एक्स देतो, म्हणून प्रत्येक कन्या वाहक होते. लिओपोल्डची कन्या ॲलिस वाहक होती. तिचा पुत्र रूपर्ट याला हीच व्याधी होती.

६/ व्हिक्टोरियाच्या दोन कन्याही वाहक होत्या. बिआट्रिसच्या कन्येमार्फत व्याधी स्पेनच्या राजघराण्यात गेली, तर थोरल्या ॲलिसच्या कन्येमार्फत रशियात. ही कन्या म्हणजेच झारची पत्नी अलेक्झांड्रा. सातवा एडवर्ड मात्र या दोषातून सुटला, म्हणून त्याच्यापासून चालत आलेली ब्रिटिश शाखाही सुटली.

७/ हे कोणालाच ठाऊक नव्हते का? फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ऑटो यांनी १८०३ मध्येच लिहिले होते की, ही व्याधी स्त्रियांमार्फत पुत्रांकडे जाते. अलेक्झांड्राचा भाऊ फ्रेडरिक १८७३ मध्ये याच व्याधीने गेला होता. तरीही १८९४ मध्ये तिचा विवाह झाला.

८/ नियम दिसला होता. कारण उमगले नव्हते. मेंडेलचा १८६६ चा निबंध १९०० पर्यंत दुर्लक्षितच राहिला. गुण एक्स गुणसूत्राशी बांधलेला असू शकतो, हे मॉर्गनच्या फळमाश्यांनी १९१० मध्ये दाखविले. तेव्हा अलेक्सेई सहा वर्षांचा होता.

९/ १९१२ मध्ये स्पाला येथे तो मरणाच्या दारातून परतला. त्याच सुमारास रास्पुतीनची तार आली होती; आईची त्याच्यावरील श्रद्धा अधिकच दृढ झाली. व्याधी गुप्त ठेवल्याने रास्पुतीन राजवाड्यात का येतो, हे प्रजेला कळेना. संशय बळावत गेला.

१०/ रशियन क्रांती एका जनुकामुळे झाली नाही. युद्ध, अन्नटंचाई आणि जुलमी राजवट ही कारणे मोठी होती. मात्र संकटकाळी राजदरबारावरचा विश्वास पोखरण्यात या गुप्त दुखण्याचाही वाटा होता.

११/ जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे संपूर्ण कुटुंबाला ठार करण्यात आले. २००९ मध्ये त्यांच्या अस्थींच्या तपासणीतून व्याधीचा प्रकार निश्चित झाला: हिमोफिलिया बी. तोच बदल आईच्या आणि एका बहिणीच्या अस्थींतही आढळला. ती बहीणही वाहक होती. बहुधा तिला ते कधी कळलेच नाही.