मस्तकाच्या दोन वाटा

मनगटावर बोटे ठेवून रोग ओळखण्याची विद्या आपणांस परकी नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या नाडीचे वर्णन शार्ङ्गधराने आपल्या संहितेत केलेले आहे. तीच नाडी सांप्रत मेंदूपर्यंत उपचार नेण्याचा मार्ग बनली आहे. जांघेतील जुन्या मार्गाहून हा नवा मार्ग अधिक निर्धोक आहे काय, हे इतिहासाच्या आधारे पाहण्यासारखे आहे.

१९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पहिले क्ष-किरणचित्र घेतले, ते मानेतील धमनीत द्रव्य सोडून. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, तार व नळी यांची सुटसुटीत युक्ती प्रसिद्ध केली, आणि पुढे जांघेतील रुंद धमनी हाच राजमार्ग ठरला. परंतु तेथील रक्तस्राव कधी पोटाच्या मागील बाजूस नकळत साठतो व प्राणावर बेततो. शिवाय रोग्यास कित्येक तास उताणे पडून राहावे लागते. मनगटातील धमनी हाडालगत असल्याने नुसत्या दाबानेही रक्त थांबते. १९८९ साली माँट्रिअलच्या काँपो यांनी हृदयाच्या तपासणीसाठी या मार्गाचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे २०११ साली ‘रायव्हल’ चाचणीत ७,०२१ हृदयरोग्यांपैकी जांघेच्या गटात ३.७ टक्क्यांस, तर मनगटाच्या गटात १.४ टक्क्यांस रक्तवाहिनीचे मोठे उपद्रव झाले.

तथापि हृदयाचा निवाडा मेंदूस जसाच्या तसा लागू करणे घाईचे होईल. उजव्या मनगटातून निघालेली नळी उजवीकडील मानेच्या मागील धमनीत सहज शिरते. मेंदूच्या डाव्या भागाकडे जाताना मात्र तिला महाधमनीच्या कमानीशी अवघड वळण घ्यावे लागते. मनगटाची धमनी अरुंद; ती आकुंचन पावते, जाड नळी तीत मावत नाही, आणि क्वचित ती पुढे बंदही होते. अशा वेळी करंगळीकडील धमनी बहुधा हाताचे पोषण चालविते, म्हणून हात वाचतो. परंतु पक्षाघातात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. संगमनेरहून नाशिक वा पुणे गाठणाऱ्या रोग्याचा बराच वेळ वाटेतच खर्च झालेला असतो. त्यात वळणावर अडलेल्या नळीची भर पडणे परवडणारे नाही.

तात्पर्य, सवडीने करावयाच्या तपासणीस मनगट पुष्कळदा श्रेयस्कर. घाईच्या प्रसंगी, किंवा जाड नळी लागणार असेल तेथे, जांघेचा मार्ग अद्याप टाकाऊ झालेला नाही. संमतिपत्रावर सही करणाऱ्या आप्ताने “कोणता मार्ग चांगला?” एवढेच न विचारता, “या रोग्यास, या वैद्याच्या हातून, कोणता?” असे विचारावे. जखमेचा धोका आणि विलंबाचा धोका हे एकाच तराजूत तोलले गेले पाहिजेत.