निकोपोलिसची विचारपूस

इसवी सन 108च्या आसपासचा काळ धरा. रोमच्या गादीवर ट्राजन आहे आणि तुम्ही त्याच्या राज्यातले एक बडे अधिकारी आहात. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निकोपोलिसमध्ये तुम्ही आला आहात. शहराबाहेरच्या टेकडीवर ऑगस्टसचं विजयस्मारक आहे. इसवी सनापूर्वी 31 साली इथल्याच समुद्रात त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, अँटनीचा, पाडाव झाला. अँटनीच्या जहाजांची काशाची टोकं तिथल्या भिंतीत बसवलेली आहेत. तुम्ही मात्र ते सोडून एका लंगड्या म्हाताऱ्याकडे आलात.

हा एपिक्टेटस. गुलामीतच वाढला, मालकाच्या घरी असतानाच तत्त्वज्ञान शिकला, पुढे मोकळा झाला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा त्याने इथे येऊन शाळा काढली. घरात दिवा आहे तो मातीचा. लोखंडाचा होता, तो चोराने नेला.

तुम्ही शिष्टाचाराचं काही बोलायच्या तयारीत असता, तोच तो विचारतो, बायकोमुलं आहेत का? आहेत. मग संसार कसा चाललाय? आणि तुमच्या तोंडून खरं निघून जातं: हाल आहेत. मध्यंतरी धाकटी लेक आजारी पडली, वाचते की नाही अशी गत झाली. तिच्या उशाशी बसवेना. घरातून निघून गेलात, आणि ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हाच परतलात.

आता तो म्हणेल, चालायचंच, बापाचं काळीज आहे. तुम्ही त्याचीच वाट बघताय. तो विचारतो, हे तुम्ही बरोबर केलंत असं वाटतं का?

तुम्ही म्हणता, स्वाभाविक होतं ते; कुठल्याही बापाचं असंच होतं. होत असेल, तो म्हणतो, पण होतं म्हणून ते योग्य ठरतं का? अंगावर गाठी येतात, त्या काय शरीराच्या भल्यासाठी येतात? काळं-पांढरं डोळ्यांनी ठरतं, थंड-गरम स्पर्शाने. स्वाभाविक काय हे तुम्ही कशाने ठरवलंत? तुमच्याकडे उत्तर नाही. बाकांवरची पोरं ऐकताहेत, आणि हे सगळ्यांत अवघड जातंय.

मग तो हळूहळू फास आवळतो. मुलीवर माया असणं चांगलं ना? चांगलं. आईचीही तिच्यावर माया आहे? आहे. मग तिनेही निघून जायला हवं होतं का? नाही. दाईने? नाही. सांभाळणाऱ्या नोकराने? छे. म्हणजे जिच्यावर एवढ्या जणांचा जीव, ती पोर त्या जिवापोटीच एकटी मरायची! आणि उद्या तुम्ही अंथरूण धरलंत, तर तुमच्या माणसांनी तुमच्यावर असंच प्रेम करावं का? असं प्रेम तर माणूस वैऱ्यांकडून मागेल.

मध्येच तो रोममधल्या एका शौकिनाची गोष्ट सांगतो. आवडता घोडा शर्यतीत धावत असताना बघवेना म्हणून या पठ्ठ्याने डोकं झाकून घेतलं होतं, आणि घोडा अनपेक्षितपणे जिंकला तेव्हा शुद्धीवर आणायला स्पंज लागले. पोरं हसत असतील. तुम्हाला हसू येत नाही.

शेवटी तो मुद्द्यावर येतो. तुम्हाला घराबाहेर ना दुखण्याने काढलं, ना मायेने. निघून जावं असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही गेलात. तपासायचं ते हे वाटणं.

हे कठोर आहे, आणि मला विचाराल तर किंचित जास्तच. स्वतः बिनलेकराचा माणूस दुसऱ्याच्या बापपणाची झडती घेतोय. पण सिंप्लिकियस या भाष्यकाराने पुढे लिहून ठेवलंय की एका मित्राचं टाकून दिलं जाणारं मूल एपिक्टेटसने उतारवयात घरी आणलं, त्याला सांभाळायला बाईही आणली.

शिष्यांमध्ये आरियन नावाचा विशीतला तरुण आहे. तो ही बोलणी टिपून ठेवतो. हाच पुढे अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहील आणि सिंधूकाठच्या लढाया आपल्यापर्यंत पोचवील. तुमचं नाव तो लिहिणार नाही. हे एक बरं आहे. अशी विचारपूस पुढेही होत राहील: 1981 साली जर्मनीत बेर्गिश ग्लाडबाखला गेर्ड आखेनबाख हा तत्त्वज्ञ अशा बोलण्यासाठी रीतसर व्यवसाय थाटेल, आणि आपल्याकडे येणाऱ्याला रुग्ण मानायचं नाही असं ठरवील. एपिक्टेटस नेमका उलटा: त्याच्या लेखी शाळा म्हणजे दवाखाना, आणि तिथून निघताना दुखलं पाहिजे.

तुम्हाला उपाय हवा असतो. तो सांगतो की आपली मतं एकेक करून तपासायला शिकावं लागेल, त्यासाठी विद्यार्थी व्हावं लागेल, आणि हे आज-उद्यात उरकणारं काम नाही. तुमच्या हुद्द्याच्या माणसाने या पोरांच्या शेजारी बसून शिकायचं म्हटलं तर लोक हसणारच. तेही त्याने आधीच सांगून टाकलंय.