वजनकाटा हलत नाही तेव्हा

धान खरेदी केंद्रावर माल नेणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नुकतेच मळलेले धान काट्यावर जास्त भरते आणि तेच धान काही दिवस उन्हात वाळवले की वजन उतरते. दाणे तितकेच असतात, गेलेले असते ते पाणी. म्हणूनच आधारभूत किमतीच्या खरेदीत आधी ओलावा तपासला जातो आणि त्याची मर्यादा १७ टक्के ठरलेली आहे. घरातील वजनकाट्यावर रोज सकाळी उभा राहणारा शहरी माणूस मात्र हा साधा हिशेब विसरतो. काट्यावरील आकड्यात चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि आतड्यातील अन्न असे सगळेच सामावलेले असते. त्यातील नेमके काय वाढले वा घटले, हे तो आकडा सांगत नाही.

या विसरण्याची किंमत मोठी असते. पंधरा दिवस पहाटे उठून फिरायला जावे, रात्रीचा भात निम्म्यावर आणावा आणि काट्याने अर्धा किलो वाढ दाखवावी, असा अनुभव अनेकांना येतो. त्यानंतर फिरणे बंद होते. वजन कमी न झाल्यापेक्षा हे फिरणे सुटल्याचे नुकसान कितीतरी अधिक असते.

प्रत्यक्षात गणित असे आहे. एक किलो शारीरिक चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जेचा साठा. दररोज ५०० किलोकॅलरी कमी पडतील असा आहार-व्यायाम कोणी काटेकोरपणे पाळला, तर आठवड्याला ३,५०० म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम चरबी घटते. याउलट पाणी, मीठ, जेवणाची वेळ आणि पोट साफ होणे न होणे यांमुळे वजन एका दिवसात एक ते दोन किलो सहज वरखाली होते. आठवडाभराच्या मेहनतीचे फळ या चढउतारात झाकले जाते, इतकेच.

भात हे ज्या जिल्ह्याचे मुख्य अन्न आहे, तेथे हा खेळ अधिकच फसवा ठरतो. पिष्टमय पदार्थांतील साखर शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. भात एकदम कमी केला की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन झपाट्याने उतरते व माणूस हरखून जातो. त्यातील बराच भाग पाण्याचा असतो. पुढे ही गती अर्थातच टिकत नाही आणि निराशा सुरू होते. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, घरी पाहुणे येतात, वडे आणि भात यांना मर्यादा राहत नाही. दोन दिवसांनी काटा दीड किलो पुढे गेलेला दिसतो. पण दीड किलो चरबी चढण्यासाठी नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त साडेअकरा हजार किलोकॅलरी, म्हणजे पाच-सहा दिवसांचे पूर्ण अन्न, दोन दिवसांत जास्तीचे खावे लागेल. मंडईतही ते जमणे कठीण. चढलेले असते ते मीठ, पाणी आणि न पचलेले अन्न; नेहमीचा आहार सुरू होताच चार-पाच दिवसांत ते उतरते.

स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या आधी शरीरात पाणी साठते, त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या पाळीतील त्याच आठवड्याशी करणे योग्य. वजन घटले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते, म्हणून काही महिन्यांनी उतार मंदावणे स्वाभाविक आहे.

आकड्याच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची व वजन यांवरून काढला जाणारा दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. भारतीय शरीर बारीक दिसूनही चरबी बाळगते, हे याज्ञिक यांच्या संशोधनाचे सूत्र या एका छायाचित्राने जगापुढे आले.

याची दुसरी, अधिक दिलासा देणारी बाजू चेन्नईत दिसली. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार सुधारून नियमित चालणाऱ्या गटात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे या गटाचे सरासरी वजन लक्षणीय घटलेच नव्हते. केवळ काट्याकडे पाहून ही मंडळी चालणे सोडून देती, तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार करावा.

तेव्हा वजन पाहायचेच तर एकाच काट्यावर, सकाळी शौचानंतर व न्याहारीपूर्वी पाहावे आणि भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवावे. रोज पाहणाऱ्याने आठवड्याची सरासरी काढावी, एकेका दिवसाचा आकडा मनावर घेऊ नये. रोजच्या आकड्याने ज्याचा दिवस खराब होतो, त्याने काटा कपाटावर ठेवलेलाच बरा. शिवणकामाची फीत अधिक प्रामाणिक असते. खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेतलेले पोटाचे माप भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावे. महिन्यातून एकदा हे माप पुरे. रक्तदाब व रक्तशर्करा यांची तपासणी तीस वर्षांवरील नागरिकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ती दर काही महिन्यांनी करून घ्यावी. रेल्वे पुलाचा जिना न थांबता चढता येणे, पट्ट्याला एक भोक आत जावे लागणे, झोप गाढ लागणे याही नोंदीच आहेत.

सारे नीट पाळूनही दोन-तीन महिने कंबर किंवा वजन काहीच हलत नसेल, तर थायरॉइड आणि सुरू असलेली औषधे यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. प्रयत्न न करता वजन घटत असेल, तर आनंद मानू नये. मधुमेह, क्षयरोग यांसारखी कारणे त्यामागे असू शकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना घाम गाळून काट्यावर एक किलो कमी दाखवणे ही तर निव्वळ फसवणूक असते, दोन तांबे पाणी पिताच ते परत येते. सिकलसेल हा आजार पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा रुग्णांत पाणी कमी पडल्यास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांनी निर्जळी उपवास किंवा दमछाक करणारा व्यायाम वजनासाठी करू नये आणि आहारातील कोणताही बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करावा.