शब्द तेच, हिशेब वेगळा : ख्रिस्ती धर्मातला स्वर्ग, नरक आणि मरणाची तयारी

ग्वाल्हेरच्या सराफा बाजारातली मराठी घरं असोत, नाहीतर बेळगाव, कारवार, सावंतवाडीकडची. शेजारच्या ख्रिस्ती घरात कुणी गेलं की पाय आपोआप तिकडे वळतात. तिथे कानावर पडणारे शब्द ओळखीचेच असतात : स्वर्ग, नरक, पाप, आत्मा, शांती. मात्र त्यांचा अर्थ जसाच्या तसा आपला नसतो. २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस असो की घरातली अंत्यविधी, नेमकं काय मानलं जातं याची ही थोडक्यात ओळख.

दोनशे वर्षांचा शेजार

सराफा बाजार ज्या लश्कर भागात आहे, तो १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढला. शिंद्यांच्या फौजेत ख्रिस्ती सरदारही होते. मूळ नेपल्सच्या फिलोस घराण्यातले जाँ बाप्टिस्ट फिलोस हे त्यातलं मोठं नाव. याच घराण्यातल्या मायकेल फिलोस यांनी जयविलास राजवाड्याचं काम केलं, तो १८७४ साली उभा राहिला. म्हणजे मराठी राज्यकर्ते आणि ख्रिस्ती कुटुंबं यांचा शेजार इथे जुनाच आहे.

मराठी भाषेशी या विषयाचं नातं त्याहून जुनं. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली राशोल इथे छापलं गेलं. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. गोव्याच्या कोकणीत ख्रिस्ती लोक आजही नरकाला ‘येमकोंड’ म्हणतात, म्हणजे यमाचं कुंड. शब्द इथलेच घेतले, अर्थ नवा भरला. घोळ होतो तो इथेच.

जन्म एकच

पहिला फरक सगळ्यात मोठा. ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म नाही. आयुष्य एकदाच, मरण एकदाच आणि त्यानंतर न्याय. आपल्याकडे पुण्य संपलं की स्वर्गातूनही परत यावं लागतं, असं मानतात. ख्रिस्ती स्वर्ग मात्र कायमचा. तो सुखसोयींचा गाव नसून देवाच्या सहवासात असणं, असं धर्मगुरू सांगतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात शुद्ध सोन्याचा रस्ता असलेलं नगर येतं. ते बहुतेक चर्च उपमा म्हणूनच वाचतात.

‘पुनरुत्थान’ म्हणजेही पुनर्जन्म नव्हे. जगाच्या शेवटी मेलेले उठवले जातील आणि आत्म्याबरोबर शरीरालाही नवं रूप मिळेल, ही ती श्रद्धा. म्हणूनच पुरण्याची रीत पडली. दहन मात्र सर्वांना वर्ज्य नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहनच झालं. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्ये मुभा दिली. अस्थी विखरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, असं २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

नरक : जागा की अवस्था?

येशूच्या तोंडी नरकासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द येतो. तो यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आला. तिथे एके काळी मुलांचे बळी दिले गेले होते, त्यामुळे त्या नावाचाच लोकांना धसका होता. बायबलमधला ‘अधोलोक’ हा शब्द वेगळा, तो मेलेल्यांच्या जगासाठी.

आगीच्या कढया, काळे सैतान हे चित्र पुढच्या काळात जास्त पसरलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली समजावलं होतं की नरक हे एखादं ठिकाण असण्यापेक्षा देवापासून स्वतःहून, कायमचं तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या मात्र आगीचं वर्णन शब्दशः घेतात. नरक आहेच, यावर बहुतेकांचं एकमत. तो कसा आहे, यावर नाही.

सोनं आगीतून

तिसरी गोष्ट सराफ्याला चटकन कळेल अशी. कॅथलिक श्रद्धेत स्वर्ग-नरकाखेरीज ‘शुद्धिस्थान’ आहे, कोकणीत ‘पुरगतोर’. देवाशी सलोख्यात मेलेला, पण पुरता निर्मळ न झालेला माणूस तिथे शुद्ध होतो. बायबलमध्ये आगीत पारखलेल्या सोन्याचा आणि चांदी गाळणाऱ्या कारागिराचा दाखला वेगवेगळ्या ठिकाणी आहे, समजावताना तोच वापरतात. आग इथे जाळून संपवायला नाही, हीण काढायला. शुद्धिस्थानातून वाट फक्त स्वर्गाकडे जाते, नरकाकडे नाही.

यावरूनच युरोपात मोठा वाद पेटला. पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रं पैसे घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी त्याला जाहीर विरोध केला. पुढे प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थान ही कल्पनाच सोडली. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ती कायम ठेवली, पण त्यातला पैशाचा बाजार बंद करायला सांगितलं. आज कॅथलिक घरात मृतासाठी मिस्सा अर्पण करतात, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतात. बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. हा दिवस पितृपक्षासारखा वाटला तरी इथे पिंड नाही, मृताला जेवू घालणं नाही.

खातेवही चालत नाही

पाप एका बाजूला, पुण्य दुसऱ्या बाजूला, शिल्लक काय ती बघायची, असा हिशेब अनेकांच्या मनात असतो, ख्रिस्ती लोकांच्याही. चर्चची शिकवण तशी नाही. माणसाचं देणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे आणि ते ख्रिस्ताने क्रुसावर फेडलं, हा गाभा. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल चक्क रद्द झालेल्या कर्जरोख्याची उपमा देतो. येशूच्या एका दाखल्यात सकाळपासून राबलेल्या मजुराला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला मालक सारखाच रोज देतो. येशूबरोबर क्रुसावर खिळलेल्या चोरालाही अखेरच्या घडीला सुखलोकाचं वचन मिळतं. कुठल्याच वहीत हे बसत नाही.

मग चांगलं वागायचं कशाला? त्याचं उत्तर मत्तयच्या २५ व्या अध्यायात आहे. तिथल्या न्यायात विचारणा होते ती भुकेल्याला अन्न, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस याची. सत्कर्म म्हणजे स्वर्गाची किंमत नव्हे, श्रद्धा खरी असल्याची खूण, असं प्रॉटेस्टंट म्हणतात. देवाच्या कृपेला माणसाने दिलेली साथही मोलाची, असं कॅथलिक म्हणतात.

तयारी कशी करतात?

कॅथलिक रुग्ण गंभीर झाला की घरचे फादरना बोलावतात. पापनिवेदन (कोकणीत कुमसार), कपाळाला आणि हातांना तेल लावण्याचा संस्कार आणि शेवटचा पवित्र प्रसाद, असा क्रम असतो. या शेवटच्या प्रसादाचं लॅटिन नाव ‘व्हियाटिकुम’, म्हणजे वाटेची शिदोरी. तेलाचा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी नाही, मोठ्या आजारात किंवा ऑपरेशनआधीही घेता येतो. फादर आले म्हणजे आशा संपली, असं समजून बोलवायला उशीर करू नये. रुग्णाला पापनिवेदन करायचं तर शुद्ध हवी. प्रॉटेस्टंट घरांत पाळक येऊन शास्त्रवाचन आणि प्रार्थना करतात. दोन्हीकडे भांडलेल्यांशी समेट करणं आणि देणी मिटवणं हाही तयारीचाच भाग.

नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

आत्महत्या केलेल्याचं काय? पूर्वी कॅथलिक चर्च अशांची अंत्यविधी नाकारत असे. १९८३ च्या धर्मसंहितेत ती बंदी राहिली नाही. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, असं चर्चची आजची शिकवण सांगते.

आणि ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचं? स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण सद्सद्विवेकाला धरून जो जगला, त्यालाही तारण मिळू शकतं, असं दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये म्हटलं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते येशूवरची श्रद्धा हीच वाट.

शेजारी म्हणून

ख्रिस्ती घरच्या अंत्यविधीला कुणीही जाऊ शकतं. फुलं न्यावीत, प्रार्थनेच्या वेळी इतरांबरोबर उभं राहावं. कबरीत मूठभर माती शेजाऱ्यांनीही घातली तर चालते. चर्चमधला पवित्र प्रसाद मात्र घ्यायला जाऊ नये. त्याचे नियम वेगळे आहेत आणि न घेण्यात कुणाचा अपमान नाही. ‘पुन्हा याच घरात जन्म घेवो’ हे बोलणं प्रेमाचं असलं तरी त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. ‘देव त्यांना चिरशांती देवो’ एवढं म्हटलं तरी पुरतं.