आर्थर रोडच्या फाटकाशी

२९ ऑक्टोबर १८९६. देवगड बंदरात पडावातून आगबोटीवर चढताना आईने जामसंडे गावच्या दिर्बादेवीचा अंगारा तुम्हाला लावला होता. आता मुंबईत परळच्या चाळीत, जामसंड्याच्याच पोरांबरोबर, तुम्ही पाळीपाळीने एका खोलीत झोपता.

सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काल तुमच्या गाववाल्याच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली आणि त्याला डोलीत घालून आर्थर रोडच्या इस्पितळात नेलं. आज हजारभर गिरणी कामगार तिकडे चालून निघालेत, आणि तुम्हीही त्यांत आहात. आत माणसं मारून औषध काढतात, असं चाळीचाळीत बोललं जातंय. या गर्दीला अडाणी म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपलं माणूस आत आणि आपण बाहेर, मग खरं-खोटं तपासायचं कसं?

आता १८९७ मध्ये या. दुसरं इस्पितळ, दुसरा गाववाला. समुद्रापलीकडून आलेली सिस्टर दुधाचा पेला पुढे करते. तो तोंड फिरवतो. "माका पेज व्हयी." तिला कळत नाही. पण ती चिडत नाही, दाराशी ताटकळलेल्या तुम्हाला हाताने आत बोलावते. तुम्ही मिठाची पेज चमच्याने भरवता. चौथ्या चमच्याला तो गिळतो. ती शेजारी उभी राहून बघते, मग पुढच्या खाटेवरच्याचे नातेवाईक शोधायला जाते. त्याच सुमारास शहरात जातीजातींची इस्पितळं उघडू लागली. सोबत आपलं माणूस राहू दिलं, तेव्हा लोकांचं रोगी लपवणं कमी झालं. जातीचे अडसर तिथेही होतेच, हे विसरू नये.

आता सव्वाशे वर्षं ओलांडा. जामसंड्याची आंब्याची कलमं मोहरलीत. बागेतल्या खोपीत नेपाळी राखणदाराची बायको, सातवा महिना. दारात मराठवाड्यातून बदलून आलेली परिचारिका. मालवणी समजायला तिला वर्ष लागलं, त्यामुळे न कळणं म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. बाईचा रोज बुडू नये म्हणून ती संध्याकाळी आलीय. रक्तदाब घेते, पण पाय कधीपासून सुजलेत, हे विचारायला नवरा बागेतून येईपर्यंत थांबते. तिचं मागणं साधं आहे: हंगामापुरती नेपाळी बोलणारी एक बाई आरोग्य उपकेंद्राला मानधनावर द्या, आणि कळा सुरू झाल्या की त्या दुभाषी बाईला दाराबाहेर बसवू नका, आत राहू द्या.