आततायी कोण? मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातील हिंसेविषयी

'दहशतवाद' हा शब्द मराठीत तसा अलीकडचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मराठी वृत्तपत्रे चाळली, तर राजकीय हिंसेला तेव्हा 'अत्याचार' म्हणत आणि अहिंसक चळवळीला 'अनत्याचारी', असे दिसते. सरकारी अहवालातला अत्याचारी हा वाचकांच्या मनातला क्रांतिकारक असे. या दोन्ही शब्दांहून जुना असा एक शब्द आपल्यापाशी आहे, तो म्हणजे 'आततायी'. धर्मशास्त्राने आततायींचे सहा प्रकार सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीला पळवून नेणारा. अशाला मारण्यात दोष नाही, असे काही स्मृतिकार म्हणतात. ही व्याख्या आजच्या कायद्याला मानवणारी नाही, हे उघड आहे. परंतु तिच्यातली एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. माणूस आततायी ठरतो तो स्वतःच्या कृत्यामुळे. त्याचे कूळ, त्याची जात, त्याचा धर्म यांचा तिथे संबंध येत नाही.

शासनाच्या अन्यायामुळे शासनाविरुद्धची हिंसा समर्थनीय ठरते का, हा प्रश्न पुस्तकी वाटतो. जालना जिल्ह्यात तो पुस्तकी नाही. जालन्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभापाशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची मानवंदना दिली जाते. ज्या लढ्याला आपण ही मानवंदना देतो, त्यात रेल्वेचे रूळ उखडले गेले, तारा तोडल्या गेल्या, नाकी जाळली गेली, बँक लुटली गेली आणि माणसेही मारली गेली. निजामाच्या दप्तरात ही सारी कृत्ये गुन्हे म्हणूनच नोंदली जाणार होती. तेव्हा हा लढा आम्हांला कशाच्या बळावर न्याय्य वाटतो, याची उलटतपासणी करणे हे त्याचा अवमान करणे नव्हे.

सुरुवात परतूरपासून करावी लागेल. आज परतूर जालना जिल्ह्यात आहे; तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते, आणि जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. (जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.) १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण ५३' या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची तरी सरकारी परवानगी लागे, हे लक्षात घेतले की या अधिवेशनाचे मोल कळते. परतूरपासून १९३८च्या सत्याग्रहापर्यंतच्या मागण्या पाहाव्यात. नागरी हक्क आणि निजामाच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, यापलीकडे त्या जात नाहीत. राजाला हटवा, असे कोणी म्हणत नव्हते. तरीही स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी आली, आणि ती उठायला १९४६ साल उजाडले. उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढण्यात आले.

आम्ही या मवाळ मागण्यांचा उल्लेख मुद्दाम करतो. शस्त्राचे समर्थन करणारा प्रत्येक जण 'दुसरा मार्ग नव्हता' असे सांगत असतो. ते खरे की खोटे हे ठरवायचे, तर आधी कोणती दारे ठोठावली गेली आणि ती कोणी बंद केली, हे पाहावे लागते. हैदराबादेत दारे ठोठावली गेली होती, याला पुरावा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली, तेव्हा शेवटचे दारही बंद झाले. दुसरीकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांची रझाकार संघटना सरकारच्या डोळ्यांदेखत गावे लुटत होती. राज्य स्वतःच आततायी झाले होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

त्यानंतर लढा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीच्या हाती गेला आणि हद्दीपलीकडे भारतीय प्रदेशात छावण्या उभ्या राहिल्या. सशस्त्र कारवाया सुरू झाल्या त्या करोडगिरी नाक्यांपासून. करोडगिरी म्हणजे जकात. नाके जाळणे म्हणजे सरकारच्या महसुलावर घाव घालणे. शिंदीची झाडे तोडली गेली, कारण शिंदीच्या उत्पन्नावर अबकारी खाते चाले. पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळली गेली, कारण सारा आणि लेव्ही त्या दप्तरांवरून वसूल होई. या लक्ष्यांच्या निवडीत एक विचार दिसतो: घाव राज्ययंत्रावर बसावा. १९४८च्या जानेवारीअखेरीस नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली, तेव्हा त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला हे आजही अभिमानाने सांगितले जाते. दरोडेखोर हिशेब ठेवत नाही, एवढाच या अभिमानाचा अर्थ.

तरीही नाके जळते तेव्हा नाक्यावर एक शिपाई असतो. तो मुसलमान असेल किंवा नसेल, बहुधा गरीबच असणार. त्याचे मरण कोणत्या खात्यात मांडायचे? मुक्तिसंग्रामावरच्या आपल्या गौरवग्रंथांना हा प्रश्न पडत नाही. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आणि नरहर कुरुंदकरांचे हैदराबादविषयक लेखन हे या विषयाचे खरे आधार आहेत. पण वर्धापनदिनाच्या भाषणांत त्यांतला विवेक गळून पडतो आणि नुसता जोश उरतो. आमच्या मते हद्दीवरचा लढा समर्थनीय होता. मात्र समर्थनीय हिंसेतही माणसे मरतात, आणि ती मोजावी लागतात.

कारण दाखवणे आणि समर्थन करणे यांतला फरक मराठीत लोकमान्य टिळकांच्या लेखणीने सर्वांत कसोशीने हाताळला. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर, मे १९०८ मध्ये 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' या लेखात बॉम्बचा निषेध आहे, पण त्याच्या उत्पत्तीची जबाबदारी राज्यकर्त्यांच्या दडपशाहीवर टाकलेली आहे. सरकारला हा फरक मान्य नव्हता. टिळकांना सहा वर्षे मंडालेला जावे लागले. जुलमाला बॉम्बचे कारण म्हणणे वेगळे आणि जुलमाने बॉम्ब पवित्र होतो असे म्हणणे वेगळे. पुण्यात त्याआधी अकरा वर्षे, २२ जून १८९७ रोजी, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या घरझडतीचा जुलूम खरा होता. त्या हल्ल्यात रँडबरोबर आयर्स्टही मारला गेला आणि दोन वर्षांच्या आत सूड पुण्यातल्याच द्रविड बंधूंपर्यंत, म्हणजे खबर देणाऱ्यांपर्यंत पोचला. गोळी एकदा सुटली की तिचे लक्ष्य असे सरकत जाते.

हे सरकणे हैदराबादच्या संदर्भात एका माणसाच्या आयुष्यात दिसते. १९३८ साली हिंदू महासभेने निजामाविरुद्ध निःशस्त्र प्रतिकार केला, त्यातल्या पहिल्या तुकडीबरोबर नथुराम गोडसे संस्थानात शिरला आणि निजामाच्या तुरुंगात राहून आला. तिथे त्याची तक्रार खरी होती, मार्गही अनत्याचारी होता. उमरीच्या लुटीच्याच सुमारास, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत त्याने गांधीजींना मारले. कारण पुन्हा शासनाचा अन्याय: फाळणी, पाकिस्तानला द्यायचे ५५ कोटी रुपये वगैरे. आता मात्र त्याच्यासाठी सगळी दारे उघडी होती. त्याचे स्वतःचे वृत्तपत्र होते, सभा घेता येत होत्या, पक्ष होता. आणि मारला गेला तो कोणत्याही सरकारी पदावर नसलेला, निःशस्त्र, ७८ वर्षांचा माणूस. उमरी आणि दिल्ली या दोन्ही घटनांना 'सरकारी अन्यायाविरुद्धची हिंसा' हे एकच नाव देता येते, यातच त्या नावाचा अपुरेपणा आहे.

तेलंगणात उलट उदाहरण आहे. तिथल्या कम्युनिस्टांनी १९४६ पासून देशमुख आणि निजाम यांच्याविरुद्ध शस्त्र धरले आणि निजाम गेल्यावरही ते खाली ठेवले नाही; ते खाली आले ऑक्टोबर १९५१ मध्ये. लगेचच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नलगोंड्याहून रावी नारायण रेड्डी देशात सर्वाधिक मतांनी लोकसभेवर गेले, अगदी नेहरूंपेक्षाही जास्त मतांनी. राज्य बदलल्यावरची तीन वर्षे ती बंदूक कशासाठी चालू होती, हा प्रश्न या निकालानंतर अधिक अवघड होतो.

आणि आता १३ सप्टेंबर १९४८. पाच दिवसांत पोलीस ॲक्शन संपली, जालनाही भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. आपला इतिहास १७ तारखेला ध्वज फडकवून थांबतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले, ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यात आहे. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३च्या सुमारास तो दिल्लीत संशोधकांना खुला झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या नव्या पिढीला आपल्याच गावांची गोष्ट प्रथम समजली.

या हत्यांचे समर्थन जिथे जिथे ऐकू येते, तिथे युक्तिवाद एकच असतो: रझाकारांनी काय केले ते पाहा. रझाकारांनी केलेले आम्ही वर सांगितलेच आहे. त्यांनी २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही मारले, कारण संस्थान भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत होते. शोएबुल्ला मुसलमान होते. राज्यकर्त्याचा धर्म आणि राज्यकर्त्याचा गुन्हा या दोन गोष्टी त्यांच्या देहाने वेगळ्या करून दाखवल्या होत्या. महिना उलटायच्या आत मराठवाड्यातल्या खेड्यांत त्या पुन्हा एक करण्यात आल्या. स्मृतिकारांच्या सहा आततायींत 'आततायीचा धर्मबंधू' असा सातवा प्रकार नाही, तो आपण घातला.

तो नंतरही पुसला गेला नाही. २७ ऑगस्ट २००४, शुक्रवार, या दिवशी जालन्यातल्या एका मशिदीवर आणि त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातल्या पूर्ण्याच्या मशिदीवर बॉम्ब टाकले गेले. माणसे जखमी झाली. तिथे ना नाके होते, ना दप्तर, ना कोणते सरकार. नमाजाला आलेली गावातली माणसे होती.