विद्यार्थी-उपासना, ख्रिस्ती

महाविद्यालयाच्या आवारात किंवा वसतिगृहात विद्यार्थ्यांनी स्वतः योजलेली व चालवलेली ख्रिस्ती सामूहिक प्रार्थना. गीते निवडणे, शास्त्रपाठ वाचणे, मनन मांडणे ही सारी कामे विद्यार्थीच करतात. पाळक वा प्राध्यापक सल्लागार किंवा पाहुणे म्हणून येतात.

पार्श्वभूमी : नागपूर परिसराचे उदाहरण घेता येईल. मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर या मराठी पट्ट्याला उच्च शिक्षणासाठी नागपूर जवळचे, तिगाव व पांढुर्णा ही स्थानके नागपूर-इटारसी लोहमार्गावरच आहेत. हा पट्टा ज्यात होता तो छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. छिंदवाड्याकडे स्वीडिश लूथरन मिशनने काम केले, तर नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) १८४५ मध्ये आले. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले. त्या काळच्या मिशन महाविद्यालयांत बायबलचा तास संस्थाच ठरवी आणि अध्यापक घेत.

संघटना : विद्यार्थ्यांच्या पुढाकाराला जागतिक बळ मिळाले ते १८९५ मध्ये स्वीडनमधील वाडस्टेना येथे स्थापन झालेल्या जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघामुळे. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ मध्ये, कॅथलिक विद्यार्थ्यांची ‘आयकफ’ १९२४ मध्ये आणि इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची ‘यूईएसआय’ १९५४ मध्ये उभी राहिली. पहिलीचा भर सामाजिक न्यायावर व पंथांच्या एकोप्यावर, तर तिसरीचा शास्त्राभ्यास व वैयक्तिक साक्षीवर राहिला.

स्वरूप : आरंभीची प्रार्थना, गीते, शास्त्रवाचन, छोटे मनन, साक्ष आणि मध्यस्थीची प्रार्थना असा साधारण क्रम असतो. परीक्षा, आजारपण, घरची अडचण हे मध्यस्थीचे नेहमीचे विषय. प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकाकडेच राहतो. मराठी उपासनेला रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तनाची वाट मोकळी करून दिली. त्यांची अनेक गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. आज गिटारवरच्या हिंदी-इंग्रजी गीतांचाही वापर होतो. वेगवेगळ्या पंथांतली मुले येथे एकत्र बसतात. अशा ऐक्याला नागपूरच्या इतिहासातही आधार आहे : सहा चर्चांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात झाली.

कायदा : संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून उपासनेला बसवता येत नाही.

मूल्यमापन : घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला या उपासनेतून मंडळीचा आधार मिळतो, आणि विशीच्या आतच सभा चालवण्याची, चारचौघांत बोलण्याची व दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याची सवय लागते. तिचे बळ स्वेच्छेत आहे. हजेरीची सक्ती आली की तिचे मोल संपते.